जे गेले, त्यांचे नेमके काय आठवायचे?

2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, अवघ्या वीस दिवसांत, मुंबईने तीन माणसे गमावली. 12 फेब्रुवारीला पंडित प्रभाकर कारेकर गेले, 19 फेब्रुवारीला मिलिंद रेगे आणि 3 मार्चला पद्माकर शिवलकर. त्याआधीचे 2024 हे वर्ष तर सुरूच झाले होते ते 9 जानेवारीला उस्ताद रशीद खान आणि 13 जानेवारीला डॉ. प्रभा अत्रे यांच्या जाण्याने, आणि ते सरता सरता, 15 डिसेंबरला, उस्ताद झाकीर हुसेन यांच्या निधनाची बातमी सॅन फ्रान्सिस्कोहून आली. या सगळ्यांवर भरपूर छापून आले. त्यातले बरेच मी वाचले, काही कात्रणे जपूनही ठेवली आणि वाचता वाचता एक खंत मनात घर करून बसली. माणूस गेला की आपण त्याच्यासाठी एक विशेषण शोधतो, ते त्याच्या नावाला जोडतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्या विशेषणाचीच उजळणी करतो. शिवलकर म्हणजे कसोटी न खेळलेला दुर्दैवी गोलंदाज, प्रभाताई म्हणजे किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका, झाकीरभाई म्हणजे ग्रॅमी आणि चहाची जाहिरात.

यातले काहीच खोटे नाही. परंतु ज्या कामावर या माणसांनी पन्नास-साठ वर्षे खर्च केली ते काम प्रत्यक्षात काय होते, ही माणसे ते कसे करत, त्यात अवघड काय होते, हे सारे त्या विशेषणाआड जाते. खेळाडू आणि गायक-वादक यांच्या बाबतीत ही हानी अधिक आहे, कारण त्यांचे काम घडते त्याच क्षणी संपते. लेखकाचे पुस्तक कपाटात राहते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडून बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये गेला की उरते ती फक्त धावफलकावरची एक ओळ. गवयाचे नशीब त्या मानाने बरे, कारण ध्वनिमुद्रण असते. परंतु 1960 आणि 1970 च्या दशकांत देशांतर्गत क्रिकेट खेळलेल्या माणसाचे चित्रीकरण जवळजवळ नाहीच. त्याचा खेळ पाहिलेली माणसे हाच त्याचा एकमेव पुरावा, आणि ती माणसेही आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणूनच शिवलकरांविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

पद्माकर शिवलकर 124 प्रथम श्रेणी सामने खेळले आणि त्यांनी 589 बळी मिळवले, सरासरी 19.69. डावखुरी मंदगती फिरकी टाकणाऱ्या, आणि कारकिर्दीतला मोठा काळ मुंबईसारख्या भक्कम संघातून खेळणाऱ्या माणसाची ही सरासरी आहे, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भक्कम संघातल्या गोलंदाजाला बळी वाटून घ्यावे लागतात. दुसऱ्या टोकाकडूनही कोणीतरी तितकाच दर्जेदार गोलंदाज मारा करत असतो आणि प्रतिस्पर्ध्याचा डाव लवकर आटोपला की टाकायला षटकेही कमीच मिळतात. शिवाय त्यांची कारकीर्द 1961-62 मध्ये सुरू झाली आणि शेवटचा प्रथम श्रेणी सामना ते 1987-88 मध्ये खेळले. मधल्या काही हंगामांत ते निवृत्तच होते, तरी मुंबईला फिरकीची अडचण भासली तेव्हा वयाची सत्तेचाळिशी पार केलेल्या या माणसाला पुन्हा बोलावणे गेले आणि ते आले. एरवी अशा निर्णयाला भावनिक म्हणून हिणवले गेले असते. शिवलकरांच्या बाबतीत तसे फारसे कोणाला वाटले नाही, कारण दादरच्या मैदानांवर त्यांचा हात कधी थांबलाच नव्हता.

त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला सामना म्हणजे 1972-73 च्या रणजी करंडकाची अंतिम लढत. चेपॉकवर यजमान तमिळनाडू, समोर अजित वाडेकरांची मुंबई, आणि 1958-59 पासून सलग चौदा वेळा करंडक जिंकलेल्या मुंबईसाठी पंधराव्या विजेतेपदाची संधी. खेळपट्टी पहिल्या दिवसापासूनच फिरकीला साथ देणारी, किंबहुना फलंदाजांची परीक्षाच पाहणारी होती. मुंबईचा पहिला डाव 151 धावांत संपला. उत्तरादाखल तमिळनाडूच्या 80 झाल्या आणि त्यांत शिवलकरांनी 16 धावांत 8 बळी घेतले. मुंबईच्या दुसऱ्या डावात 113 झाल्या, तमिळनाडूच्या 61, आणि तेव्हा शिवलकरांनी 18 धावांत 5 फलंदाज बाद केले. पाच दिवसांसाठी ठेवलेला हा सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर संपला. मुंबईने सलग पंधराव्यांदा करंडक जिंकला; पुढच्याच हंगामात कर्नाटकाने ही मालिका खंडित केली.

या आकड्यांवर एक ठरलेला आक्षेप घेतला जातो, की अशा खेळपट्टीवर कोणीही बळी घेतले असते. मला हा आक्षेप मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे त्याच धावफलकावरून सांगता येते. खेळपट्टी दोन्ही संघांना एकच होती आणि तमिळनाडूकडून गोलंदाजी करणारे होते वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, दोघेही कसोटीपटू. त्यांच्यासमोर मुंबईने 151 आणि 113 धावा केल्या. खराब खेळपट्टीवर फलंदाज जीव तोडून बॅट फिरवतात, त्यांतले काही फटके हमखास बसतात आणि त्या धावा गोलंदाजाच्या खात्यावर चढतात. शिवलकरांच्या खात्यावर दोन डावांत मिळून चढल्या 34 धावा, तेरा बळींच्या बदल्यात. याचा अर्थ बॅट फिरवायलाही फलंदाजांना टप्पा सापडत नव्हता. चेंडू पुढे येऊन खेळावा इतका पुढे पडत नव्हता आणि मागे जाऊन कट करावा इतका आखूडही पडत नव्हता. चेंडू वळवण्याचे काम खेळपट्टी करत होती हे खरे. पण षटकामागून षटके त्याच वीतभर जागेत चेंडू टाकत राहणे हे काम गोलंदाजाचेच होते, आणि अशा खेळपट्टीवर ते अधिक कठीण असते, कारण चेंडू वळतो आहे हे दिसले की आणखी वळवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही आणि मग टप्पा सुटतो.

डावखुऱ्या फिरकीची मूळ बांधणी तशी साधी आहे. चार-पाच पावलांची धाव, उजव्या हाताच्या फलंदाजाला मधल्या आणि ऑफ यष्टीच्या दरम्यान पडून बाहेर वळणारा चेंडू, एखादा थोडी जास्त उंची देऊन सोडलेला, म्हणजे फलंदाज पुढे सरसावतो आणि चेंडू त्याच्या अपेक्षेच्या वीतभर अलीकडे टप्पा घेतो. आणि पाच चेंडू बाहेर वळवून झाल्यावर सहावा हाताबरोबर सरळ आत येणारा, ज्यावर फलंदाज पायचीत होतो किंवा त्याचा त्रिफळा उडतो. हे सगळ्यांना ठाऊक असते, फलंदाजालाही. तरीही तो फसतो ते सातत्यामुळे. शिवलकरांच्या गोलंदाजीविषयी मुंबईच्या जुन्या खेळाडूंकडून पुनःपुन्हा ऐकू येणारी गोष्ट हीच आहे, की त्यांच्यासमोर धावा करायच्या कुठे हाच प्रश्न पडायचा. विनू मांकड यांच्या नजरेने हेरलेला हा गोलंदाज, शिवाजी पार्क जिमखान्यात आणि पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या ओल्या, लहरी खेळपट्ट्यांवर घडलेला. चेपॉकची ती खेळपट्टी इतरांना विचित्र वाटली असेल. ज्याने जुलै-ऑगस्टच्या चिखलात मैदानावर चेंडू टाकले होते, त्याला ती ओळखीचीच वाटली असावी.

आता कसोटीची गोष्ट. ती टाळून चालणार नाही. बिशनसिंग बेदी 1966 च्या अखेरीस ईडन गार्डन्सवर पहिली कसोटी खेळले आणि 1979 पर्यंत त्यांनी 67 कसोटींत 266 बळी घेतले. ती शिवलकरांच्या ऐन उमेदीची वर्षे. त्या काळात संघात बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट अशी चौकडी होती, आणि एकाच शैलीचे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एकत्र खेळवण्याची तेव्हा पद्धत नव्हती. शिवलकर 1973-74 मध्ये भारतीय संघाबरोबर श्रीलंकेला गेले, पण त्या देशाला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता, म्हणून ते सामनेही अनधिकृतच राहिले. हरियाणाचे राजिंदर गोयल यांची कहाणी तर याहून विलक्षण. रणजी करंडकात 637 बळी, आजही कोणाला न मोडता आलेला विक्रम, आणि कसोटी शून्य. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंविषयी 1983 मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात या दोघांनाही स्थान दिले, आणि जगातल्या दिग्गजांच्या रांगेत त्यांना बसवताना संकोच केला नाही. क्रिकेट मंडळाने 2016 साठीचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार या दोघांना एकत्रच दिला.

मला इथे खलनायक शोधावासा वाटत नाही. बेदी अप्रतिम गोलंदाज होते, आणि ते खेळले यात अन्याय कसला? अन्याय झाला तो पुढे, आपल्या आठवणीत झाला. शिवलकर म्हटले की आपण पहिल्यांदा न मिळालेल्या गोष्टीचा उच्चार करतो आणि मिळवलेल्या गोष्टीपर्यंत पोहोचतच नाही. त्यांनी स्वतः आत्मचरित्राला 'हा चेंडू दैवगतीचा' असे नाव दिले, त्याच शब्दांचे गाणेही गायले, हे मला माहीत आहे. दैवाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांचा होता, त्यांनी तो भोगून मिळवला होता. आपण मात्र त्यांच्या त्या एका उद्गारावर थांबून 589 बळींकडे पाठ फिरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गाण्याचा उल्लेख आला तो ओझरता राहू नये. शिवलकर खरोखर गात असत. सुरेल, मोकळ्या गळ्याने, जाहीर कार्यक्रमांतून, आणि क्रिकेटपटूंच्या मेळाव्यात तर आग्रहाने. षटकाच्या लयीत आणि गाण्याच्या लयीत काही नाते असते असे ठामपणे सांगण्याइतका माझा अधिकार नाही, पण फिरकी गोलंदाजाला स्वतःची लय सापडावी लागते आणि ती बिघडली की सगळेच बिघडते, हे कोणताही फिरकी गोलंदाज सांगेल. मुंबईच्या मैदानांवर घडलेला गोलंदाज आणि भावगीतांच्या काळात वाढलेला गाता गळा एकाच माणसात नांदत होते, आणि त्या पिढीच्या मध्यमवर्गीय मुंबईत हे तितकेसे नवल नव्हते.

डावखुऱ्या फिरकीची एक अख्खी फळी आपल्या डोळ्यांदेखत गेली, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. बापू नाडकर्णी जानेवारी 2020 मध्ये गेले, राजिंदर गोयल त्याच वर्षी जूनमध्ये. एप्रिल 2023 मध्ये सलीम दुराणी, ऑक्टोबरमध्ये बेदी. मार्च 2025 मध्ये शिवलकर, आणि 23 जून 2025 ला लंडनमध्ये दिलीप दोशी, ज्यांना बेदींनंतर बत्तिशीच्या उंबरठ्यावर पहिली कसोटी मिळाली आणि ज्यांनी 33 कसोटींत 114 बळी घेऊन दाखवले. साडेपाच वर्षांत सहा जण. निरनिराळ्या गावांचे, निरनिराळ्या स्वभावांचे, पण एकाच कलेचे. या सहांपैकी कोणाचा चेंडू हवेत किती थांबायचा, कोणाचा टप्प्यानंतर झपकन उठायचा, हे समोर उभे राहून ज्यांनी पाहिले त्यांनी ते कोणाला तरी सांगून ठेवले असेल अशी आशा आहे.

मिलिंद रेगे हे असे सांगणारे होते. गावसकरांचे बालमित्र, दोघांची शाळाही एक आणि कॉलेजही एक. मुंबईचे ऑफस्पिनर आणि कर्णधार, 52 प्रथम श्रेणी सामन्यांत 126 बळी. सव्विसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या काळात, त्या वयात, त्यानंतर कोणी क्रिकेटचे नाव काढले नसते. रेगे बरे होऊन पुन्हा मुंबईकडून खेळले. पुढे अनेक वर्षे ते मुंबईच्या निवड समितीत होते, आणि 1988 मध्ये पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला रणजी संघात घेणाऱ्या समितीतही होते. मुंबई क्रिकेटचा कोणताही जुना सामना, जुना खेळाडू, जुना वाद विचारावा आणि रेग्यांनी तो तपशिलाने सांगावा, असा त्यांचा लौकिक होता. ते गेले त्या दिवशी मुंबईचा संघ नागपूरला विदर्भाविरुद्ध रणजीची उपांत्य लढत खेळत होता आणि खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरले. हा मान योग्यच होता. पण त्यांच्याबरोबर मुंबई क्रिकेटची तोंडी बखरच गेली, आणि ती उतरवून घेण्याचे काम वेळेत कोणी पूर्ण केले असे दिसत नाही.

गायकांकडे वळले की वाटते, इथे परिस्थिती बरी आहे. ध्वनिमुद्रणे आहेत, एका स्पर्शावर ऐकू येतात. तरीही आठवण काढण्याची आपली रीत तीच. प्रभाताई अत्रे गेल्या तेव्हा पद्मश्री 1990, पद्मभूषण 2002, पद्मविभूषण 2022 ही उतरंड प्रत्येक बातमीत होती, आणि वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी, ज्या दिवशी मुंबईत त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता त्याच दिवशी पहाटे पुण्यात त्यांचे निधन झाले, हा तपशीलही बहुतेकांनी दिला. तो चटका लावणारा आहेच. पण एक्क्याण्णव्या वर्षी मैफल स्वीकारण्याइतका गळा आणि बुद्धी शाबूत ठेवणारी ही बाई गाण्याविषयी नेमके काय म्हणत होती, हे सांगायला बातमीत जागा उरली नाही.

त्यांच्या गाण्याची सुरुवात योगायोगाने झाली. आईची प्रकृती बरी नसे, मन रमावे म्हणून कोणीतरी गाणे शिकण्याचा सल्ला दिला. आईने थोड्या दिवसांत शिकणे सोडले आणि आठ वर्षांच्या मुलीने ते धरून ठेवले. पुढे सुरेशबाबू माने यांच्याकडे तालीम, 1953 मध्ये ते गेल्यावर हिराबाई बडोदेकरांकडे. बरोबरीने विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, आकाशवाणीतली नोकरी, पुढे एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद. आणि डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो सरगम, म्हणजे रागाचे स्वर सा, रे, ग, म अशा त्यांच्या नावांनीच गाणे. ही निवड धीट होती. ख्यालात सरगम म्हणणे म्हणजे रागाची हाडे मोकळी करून दाखवणे, असे मानणारे जाणकार तेव्हा पुष्कळ होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी सरगम केली म्हणून ती सहन करायची, इतकीच तिला मुभा. प्रभाताईंनी तिच्याकडे रागविस्ताराचे स्वतंत्र साधन म्हणून पाहिले, त्यावर अभ्यास केला, लिहिले आणि मुख्य म्हणजे ते गाऊन सिद्ध केले.

त्यासाठी त्यांची ती एकच ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकावी. मारुबिहाग, कलावती आणि मिश्र खमाजातली ठुमरी. मारुबिहागात 'कल नाही आये' या विलंबित ख्यालाला त्या मुळीच घाई करत नाहीत. तीव्र मध्यमावर स्वर ठेवून त्या ज्या संथपणे पंचमाकडे जातात, त्यात किराण्याची सगळी शिकवण आहे आणि अमीर खाँसाहेबांच्या गायकीवरचे प्रेमही आहे. शुद्ध मध्यम त्या जपून, नेमक्या जागी वापरतात, म्हणून तो आला की कानाला सुखद धक्का बसतो. मग 'जागू मैं सारी रैना' ही द्रुत बंदिश येते, ती त्यांनी स्वतः बांधलेली. बंदिशीचे शब्द जिथे संपतात तिथूनच सरगम सुरू होते आणि पुन्हा शब्दांत मिसळून जाते. कुठेही सांधा दिसत नाही. कलावतीत ऋषभ नाही, मध्यम नाही, पाचच स्वर. 'तन मन धन' ही बंदिशही त्यांचीच. इतक्या कमी स्वरांत सरगम करताना तेच तेच होण्याचा धोका असतो. तो त्यांनी लयीच्या खेळाने टाळला आहे. या दोन्ही बंदिशी आज देशभरच्या संगीत वर्गांत शिकवल्या जातात, आणि शिकणाऱ्या अनेकांना त्या पारंपरिकच वाटतात. रचनाकाराला यापेक्षा मोठी दाद कोणती असेल हे मला सांगता येणार नाही.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात त्यांना समारोपाला ऐकण्याचा योग मला आला आहे. रमणबागेचे मैदान, डिसेंबरची थंडी, अंगावर शाली घेऊन बसलेली माणसे, आणि रात्री दहाची मर्यादा सांभाळण्याची आयोजकांची लगबग. पंडित भीमसेन जोशींनंतर समारोपाची ती जागा घेणे सोपे नव्हते. प्रभाताई त्या जागेवर कोणाची नक्कल न करता बसल्या, आपला राग आपल्या सावकाशीने मांडला आणि वेळेत संपवला. त्यानंतर प्रथेप्रमाणे सवाई गंधर्वांची 'बिन देखे परे नाही चैन' ही ध्वनिमुद्रित ठुमरी लावली गेली. 1952 मध्ये गेलेल्या गायकाचा, खरखरीतून येणारा आवाज हजारो माणसे उभी राहून ऐकतात, आणि मगच घरी जातात. गेलेल्या गवयाचे स्मरण याहून रास्त रीतीने करता येईल असे मला वाटत नाही. भाषण नाही, विशेषण नाही. त्याचे गाणे त्याच्याच गळ्यातून.

प्रभाकर कारेकरांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांचे शास्त्रीय गाणे मी पुरेसे ऐकलेले नाही आणि न ऐकलेल्याविषयी लिहिणे बरे नव्हे. गोव्यातल्या म्हापशाला 1944 मध्ये त्यांचा जन्म झाला. सुरेश हळदणकर, जितेंद्र अभिषेकी आणि सी. आर. व्यास अशा तीन गुरूंकडे त्यांनी विद्या घेतली. 'सौभद्र' या संगीत नाटकातले 'प्रिये पहा' आणि 'नभ मेघांनी आक्रमिले' ही पदे त्यांनी अशा काळात घरोघरी पोहोचवली, जेव्हा संगीत नाटक कंपन्या कधीच बंद पडल्या होत्या आणि ही पदे रंगभूमीवर ऐकण्याची सोय बहुतेक गावांत राहिली नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 च्या दशकात लिहिलेले पद एकविसाव्या शतकातल्या माणसाला तोंडपाठ असते, याचे श्रेय कारेकरांसारख्या गायकांना आहे. गोव्याच्या मातीतल्या गळ्याची धार आणि पदाच्या शब्दांवरचे प्रेम, दोन्ही त्यांच्याकडे होते.

झाकीर हुसेन हे तर माहीमचे. तिथल्याच सेंट मायकल शाळेत शिकलेले, वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्या मांडीवर बोल ऐकत वाढलेले. जगभर त्यांच्यावर लिहिले गेले आणि ते रास्तही होते. फेब्रुवारी 2024 मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी हा मान लहान नव्हे. मला मात्र त्यांचे आठवते ते साथीला बसलेले रूप. पंडित शिवकुमार शर्मांचा संतूरवरचा आलाप चालू असताना तबल्यावर हात न ठेवता, मान किंचित कलती करून ते ऐकत बसत. गत सुरू झाल्यावर पहिली काही आवर्तने साधा ठेका, कसलीही कारागिरी नाही. शिवजींनी एखादी तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, घेतली की तिचा आकार ओळखून समेवर बरोबर येऊन मिळायचे, आणि मिळाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहून हसायचे. एवढे हात असताना हात आवरणे ही साथीदाराची खरी कसोटी, आणि इतकी कीर्ती मिळूनही ती ते विसरले नाहीत. मे 2022 मध्ये शिवजी गेले तेव्हा झाकीरभाईंनी त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला. नंतर चितेजवळ ते एकटेच उभे आहेत, ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल.

स्मरण कसे करावे याचा त्यांनी घालून दिलेला पाठ आणखी एक आहे. अल्लारखाँसाहेब 3 फेब्रुवारी 2000 रोजी गेले. पुढे दरवर्षी त्याच तारखेला झाकीरभाई मुंबईत वडिलांच्या नावाने कार्यक्रम करत आले, आणि तो सकाळी लवकर सुरू होऊन दिवसभर चाले. तबला, पखवाज, मृदंगम, घटम्, दूरदूरच्या देशांतले तालवादक, प्रस्थापितांच्या बरोबरीने कोवळी मुले. षण्मुखानंद सभागृह सकाळी साडेसहालाही भरलेले असे. बापाचे गुणगान करण्यापेक्षा बापाने ज्यासाठी आयुष्य वाहिले ते वाद्य दिवसभर वाजत ठेवणे, आणि तेही दुसऱ्यांच्या हातांनी, हे मला फार मोलाचे वाटते.

क्रिकेटमध्ये असे काही करता येत नाही. शिवलकरांचा चेंडू दुसऱ्या कोणाला टाकून दाखवता येणार नाही आणि ध्वनिमुद्रणासारखा तो पुन्हा लावताही येणार नाही. करता येण्यासारखे काम एकच आहे, ज्यांनी पाहिले त्यांनी लिहून ठेवायचे. त्यांच्याविरुद्ध कांगा लीगमध्ये खेळलेले फलंदाज अजून आहेत, त्यांना यष्टीमागे उभे राहून पाहिलेले यष्टिरक्षक आहेत, पंच आहेत, गुणलेखक आहेत, आणि शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून रविवारचे सामने पाहिलेली असंख्य माणसे आहेत. ते क्रीजच्या कोणत्या टोकाकडून चेंडू सोडत? सरळ येणारा चेंडू टाकताना मनगटात काही फरक दिसायचा का, की फलंदाजाला तो पॅडवर आदळल्यावरच कळायचा? षटकार बसल्यावर पुढचा चेंडू तितक्याच उंचीने टाकत, की थोडा सपाट? मुंबईचे क्षेत्ररक्षक एकनाथ सोलकर पुढे वाकून शॉर्ट लेगला उभे असत तेव्हा टप्पा बदलत असे का? आणि दिवसाचा खेळ संपल्यावर, तंबूत परतल्यावर, ते कोणती गाणी म्हणत? ज्यांना यातले काहीही ठाऊक असेल त्यांनी, भाषेची वा मांडणीची चिंता न करता, नाव आणि साल घालून ते या वर्षातच कागदावर उतरवावे.